पट्ट्याला घातलेला हार

सातपूरच्या आमच्या गोडाऊनमध्ये खोकी वाहून नेणारा लांबलचक पट्टा आहे. तो बंद पडला की मेंटेनन्सचा इंजिनिअर येतो. त्याचं नाव मला अजून माहीत नाही. कानावर टेस्टर खोचलेला असतो, आणि झाकण उघडण्याआधी तो मशीनला म्हशीसारखं थोपटतो.

गेल्या दसऱ्याला मॅनेजरसाहेबांनी कुणालाच सुट्टी दिली नाही. पूजा मात्र हौसेनं केली, पट्ट्याला स्वतःच्या हातानं झेंडूचा भलामोठा हार घातला. मग बटण दाबलं, तर पट्टा हलेना.

इंजिनिअरनं वाकून पाहिलं, मशीनला थोपटलं, मान हलवली. "साहेब, आज काय ही चालत नाय. उद्या सकाळी बघू."

साहेबांनी वैतागून सगळ्यांना घरी सोडलं.

मी तिथंच पॅकिंगला उभी असते. समोर काही अडकलं की पट्टा थांबवणारा एक बारीक डोळा त्याच्या कडेला आहे, आणि हार नेमका त्या डोळ्यावर लोंबत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात इंजिनिअर हळूच म्हणाला, "ताई, वर्षभर राबती बिचारी. आज तिला डोळा मिटू द्या. तुम्ही घरी जाऊन सोनं वाटा."

मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. फक्त आमच्या लायनीतल्या बायकांना सांगितलं.

यंदा दसऱ्याला साहेब हार घेऊन इंजिनिअरलाच विचारायला लागले, "कुठं घालू रे?"

आम्ही सगळ्या श्वास रोखून उभ्या. त्यानं भक्तिभावानं हात जोडले.

"मागच्याच जागी, साहेब. देवाची जागा बदलू नये."