हुवैशिलचा कान

माझा धाकटा भाऊ हुवैशिल टायरमधली हवा कानानं मोजायचा. भरल्या टायरची गाडी वाळूत रुतते, म्हणून डांबरी रस्ता संपून वाळू लागते तिथं तो उकिडवा बसायचा, बाभळीची काडी व्हॉल्व्हमध्ये दाबायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. फुस्स करत सुटलेला आवाज बसायला लागला की काडी बाहेर! रस्त्यावरची पस्तिसाची हवा तेव्हा सोळा-सतरावर आलेली असायची. मस्कतहून येणारी पोरं मीटर लावून बघायची आणि तोंडात बोटं घालायची. मग हा दाढीवरून असा काही हात फिरवायचा, की मला पाठीत धपाटा घालावासा वाटे.

आमच्यात रीत आहे. पाहुणा वाळूत येणार असला की घरच्या माणसानं रस्त्यापर्यंत सामोरं जायचं आणि पाहुण्याच्या गाडीची हवा स्वतःच्या हातानं सोडायची. त्याच्यावर पाहुण्यानं मीटर लावायचं नाही. ताटावर बसून भात शिजलाय का म्हणून शितं चिवडण्यातलाच तो प्रकार.

गेल्या वर्षी या शहाण्याचे कान गेले. चुलीवर कहवा उतू जाऊन चर्र करतोय आणि हा बाजूला बसून खजूर खातोय! मी म्हटलं, "काय रे, बहिरा झालास की काय?" तर असा उसळला की विचारू नका. "ताई, तूच पुटपुटतेस, दात राहिलेत कुठं तुझे?" म्हणाला. त्यानंतर त्यानं हवा सोडलेल्या दोन गाड्या वाळूत पोटापर्यंत रुतल्या. हवा कमी सोडली गेली होती, दुसरं काय? ज्याला आवाजच ऐकू येत नाही, त्याला तो बसला कधी हे काय कळणार? लोक हसले. हा मनातून हादरला होता, पण कबूल करायला जीभ वळेना.

अशात रय्याला मागणी घालायला माणसं येणार म्हणून निरोप आला. रय्या हुवैशिलची एकुलती एक मुलगी, आईविना वाढलेली. मुलगा हम्यार. रय्याला तो पसंत होता, हे तिनं मला सांगितलं नव्हतं, पण सकाळपासून चार वेळा हलवा हलवून ठेवत होती, त्यावरून काय ते कळलंच.

हुवैशिल आणि मी त्यांना घ्यायला रस्त्यापर्यंत गेलो. हम्यार गाडी चालवत होता, शेजारी त्याचा बाप शुवैन, मागं आई. पोरानं सवयीनं खिशातून मीटर काढलं. हुवैशिल म्हणाला, "ते ठेव आत. माझ्या दारात येतोयस, पंक्चरच्या दुकानात नाही." पोरानं निमूट आत ठेवलं. हुवैशिल उकिडवा बसला, डोळे मिटले, काडी दाबली. मी बघतेय, काडी बाहेर निघेचना! व्याह्यांची गाडी रुतायला नको म्हणून हा आपला सोडतोय, अजून सोडतोय. मी खाकरले, तेही त्याला ऐकू आलं नाही. आणि पाहुण्यांच्या देखत भावाचा हात कसा धरू? चारही चाकं लोळायला आलेल्या म्हशीसारखी पसरली.

पुढं आमची गाडी, मागं त्यांची. घर दिसायला लागलं आणि शेवटच्या टेकडीच्या उतारावर हम्यारनं जरा वळवलं, तसा पुढचा टायर रिम सोडून बाहेर आला. गाडी आडवी घसरली. उलटली नाही, हे नशीब. पण त्याच्या आईचा हात दारावर आपटला आणि मनगट टम्म सुजलं.

हुवैशिल धावत गेला. टायर बघितला. त्याच्या तोंडावरून मला कळलं, की त्याला सगळं कळलंय. आणि तरी हा माणूस काय बोलला? "अरे पोरा, उतारावर असं वळवतात? स्टिअरिंग आहे ते, उंटाचा दोर नाही झटका द्यायला!"

माझी मान खाली गेली. घरी आलेल्या पाहुण्याला असं बोलायचं?

हम्यारनं स्टेपनी लावली. मग गाडीच्या मागं जाऊन, कोणाला दिसणार नाही असं, मागच्या चाकाला मीटर लावलं. मला दिसलं. त्यालाही कळलं, की मला दिसलं. मीटर खिशात टाकून तो पुढं आला आणि म्हणाला, "चुकलंच माझं, काका." त्याच्या गाडीत पंप होता. पण हवा भरली असती तर हुवैशिलची चूक सगळ्यांना दिसली असती, म्हणून तशाच चाकांवर त्यानं गाडी रांगवत घरापर्यंत आणली.

बैठकीत कहवा झाला, हलवा झाला. शुवैन मुलाकडं बघेना. पडद्याआड रय्यानं हम्यारच्या आईच्या मनगटाला पट्टी बांधली. एरवी दुसरा पेला झाला की मागणीचा विषय निघतो. शुवैननं पेला हलवून खाली ठेवला, म्हणजे आता पुरे, आणि तो उठला.

"हुवैशिल, मी वेगळ्या कामासाठी आलो होतो," तो म्हणाला. "पण स्वतःच्या आईला धड इथवर आणता येत नाही अशा पोरासाठी तुझी लेक कोणत्या तोंडानं मागू? येतो आम्ही."

 पडद्यामागं रय्या माझा दंड घट्ट धरून उभी. मी फटीतून दात-ओठ खात भावाकडं बघतेय, बोल मेल्या, बोल! हा मात्र चटईची काडी उपसत बसलेला. शुवैननं चपला घातल्या. गाडीचं दार उघडलं.

तेव्हा कुठं हुवैशिल उठला. अनवाणीच वाळूतून गेला आणि मागच्या चाकापाशी बसला.

"हम्यार, तुझं ते मीटर काढ. लाव इथं."

"राहू द्या ना, काका."

"लाव म्हणतो ना!"

पोरानं लावलं. ओठ हलले त्याचे.

"मोठ्यानं सांग," हुवैशिल म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

 हम्यारनं बापाकडं बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, "सात."

"सात," हुवैशिल म्हणाला. "सातावर कोणीही चालवली तरी टायर रिमवर राहत नाही. हे मी केलं. आणि नाव याचं घेतलं."  तो तिथंच बसून राहिला. या वयात लहान पोरासारखी मान घालून बसलेला माझा भाऊ! मला त्याची लाजही वाटली आणि मायाही.

शुवैननं गाडीचं दार लावलं. हुवैशिलला दंडाला धरून उठवलं, आत आणलं आणि चपला काढून पुन्हा त्याच्या शेजारी बसला. रीतीप्रमाणं मुलगी हलक्या आवाजात मागायची असते. त्यानं तोंड हुवैशिलच्या कानाशी नेलं आणि असा ओरडला, की कुंपणातल्या बकऱ्या उठल्या. सगळ्या वस्तीला ऐकू गेलं. माझा भाऊ लाजेनं अर्धा झाला.

"दिली," तो म्हणाला. पण मान खाली असल्यामुळं ते कोणालाच ऐकू आलं नाही. मग पडद्यामागून मीच ओरडले, "दिली म्हणतोय!"