घड्यांमधला शिपाई

इस्पितळाच्या धुलाईखान्यात मावशींनी एकवीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या होत्या. आता तिथली मुकादम व्हायचं, तर इंग्रजीची तोंडी परीक्षा पास होणं भाग होतं. नापास झाल्या, तर जागा भांडारातल्या कारकुनाला जाणार होती, आणि त्याला स्वतःच्या रुमालाची घडी जमत नव्हती.

अभ्यासाचं पुस्तक लढाईवरून परतलेल्या कुणा मास्तरांनी लिहिलेलं. त्यामुळे व्याकरणातले सगळे काळ एकाच शिपायाच्या डोक्यावर. शिपाई आईला पत्र लिहितो. शिपायाने पत्र लिहिलं. शिपाई परतला असता, तर आईने दिवा लावला असता. शेवटच्या पानावर दगडी स्मारक.

मावशींनी पाठांतर कामातच बसवलं. चादरीचं एक टोक त्यांच्याकडे, दुसरं जोडीदारणीकडे. ती इतकी उंच, की सगळे तिला शिडी म्हणत. पहिल्या घडीला वर्तमानकाळ, दुसरीला भूतकाळ आणि दोघी समोरासमोर आल्या की ते ‘असता तर’वालं वाक्य.

तिसऱ्या दिवशी शिडी अडून बसली. “हे शेवटचं म्हणू नकोस बाई. दिवसाला दोनशे चादरी. दोनशे वेळा मारायचा का पोराला?”

“परीक्षेत विचारलं तर?”

“तेव्हाचं तेव्हा. आत्ता त्याला पत्र लिहू दे.”

मावशींनाही तेच हवं होतं. दोन घड्यांवर शिपाई जिवंत राही आणि चादर ढिगावर जाई.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकबाईंनी शिपायाबद्दलच विचारलं. मावशी खुर्चीत बसल्या, हात मांडीवर रिकामे, आणि घडीशिवाय वाक्य सुरूच होईना. शेवटी त्यांनी टेबलावरच्या कापडाकडे बोट दाखवलं.

“बाई, जरा हे धरता का?”

परीक्षकबाईंनी चष्मा सारखा केला, पाण्याचा तांब्या जमिनीवर ठेवला आणि समोरची दोन टोकं धरली.

पहिली घडी, वर्तमानकाळ खणखणीत. दुसरी घडी, भूतकाळ बिनचूक. दोघी समोरासमोर आल्या.

“आणि परतला असता, तर?” बाईंनी इंग्रजीत विचारलं.

मावशींना पुस्तकातलं काही आठवेना. मग त्यांनी आपल्याच मनाने, अडखळत पण पुरं वाक्य इंग्रजीत सांगितलं, “तो परतला असता, तर आधी मी त्याचे कपडे धुवायला घेतले असते.”

“पुस्तकात दिवा आहे.”

“लढाईवरचा मळ असणार, बाई. दिव्याच्या उजेडात तोच दिसला असता.”

परीक्षकबाईंनी मान खाली घातली. खांदे हलत होते. मग चष्मा काढून पुसला आणि कागदावर ‘उत्तीर्ण’ लिहून सही केली.

“आता एवढं कापड पुन्हा पसरून द्या. पुढचा उमेदवार यायचाय.”

मावशी दारापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी पदर सावरला.

“मुकादम पसरत नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “माणूस पाठवते.”