पेन्शन आजाराची हाय
वेल्डिंगचा जळका वास आला की कराडच्या आयटीआयमधली ती सकाळ आठवते. मनाच्या आजारामुळं फौजेतून अपंगत्व पेन्शनवर घरी आलो होतो आणि पस्तिशीत कोवळ्या पोरांच्या वर्गात शिकत होतो. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये लोखंडी पत्रा धाडकन पडला आणि मी कान दाबून टेबलाखाली शिरलो. पोरं हसली. माझ्याहून लहान असलेले सर वाकून म्हणाले, “आवं, पेन्शन मिळतीय न्हवं? मग कशाला जिवाला त्रास? घरी बसा की.” मी घामानं भिजून बाहेर आलो. “सर, पेन्शन आजाराची हाय, घरात बसायची न्हाई,” म्हणालो आणि अर्धा राहिलेला जोड पुरा केला. तो वाकडाच आला. मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्या अजून चालू आहेत. कोरेगावातलं माझं वेल्डिंगचं दुकानही चालू आहे.