डोक्याला लावायचं तेल

पोलिसातल्या नोकरीच्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र जशीच्या तशी आठवते, आणि ती नोकरीतली नाहीच. निवृत्तीनंतर मी मुलाकडे, दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहायला आलो होतो. ना हद्द माझी, ना वर्दी. अधिकार म्हणाल तर नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडण्याचा, आणि तिथेही ती मला "आजोबा, don't wave" असा हुकूम देई.

खबर दिली एका मित्राने. हा रत्नागिरीचा, शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये यंत्रांच्या सुट्या भागांचा व्यापार करणारा. गावी जाऊन येताना तो ओळखीच्या मराठी घरांचं सामान आणतो. कुणाचं मेतकूट, कुणाचा चष्मा, कुणाच्या बाळाचं दुपटं. आखातात येणाऱ्याची बॅग त्याच्या एकट्याची कधीच नसते. पण त्याचा नियम कडक. सामान समोर उघडून दाखवायचं आणि "खसखस नाही ना?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं. आपल्या स्वयंपाकघरातली खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते.

"साहेब, मुंबईहून बोलतोय, भाच्याच्या घरून," तो फोनवर म्हणाला. "उद्याची फ्लाइट आहे. पुण्याचे एक गृहस्थ डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आलेत. अल ऐनला त्यांच्या मुलीकडे द्यायचाय. खसखस नाही, बघितलं. पण लाडवांच्या मधोमध बाटली निघाली. डोक्याला लावायचं तेल म्हणतात."

"मग अडलं कुठे?"

"बाटलीला ड्रॉपर आहे. एकेका केसाला थेंब थेंब लावणार काय?"

"गृहस्थ कुठायत?"

"इथेच. चहा पाजून बसवून ठेवलंय."

खात्यात याला चौकशीसाठी बोलावणं म्हणत. आमच्याकडे चहा मात्र एवढ्या अगत्याने मिळत नसे.

मी व्हिडिओ कॉल करायला सांगितलं. पडद्यावर सत्तरीचे, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ आले. समोरचा चहा तसाच होता, वर साय धरलेली. खोटं बोलायला बसलेला माणूस चहा निवू देतो, हे मी ठाण्यात अनेकदा पाहिलं होतं.

"तेल कशाचं?"

"ब्राह्मीचं."

"मग थोडं तळहातावर घेऊन स्वतःच्या डोक्याला चोळा बघू."

त्यांनी बाटलीचं झाकण आणखी घट्ट केलं आणि ती मुठीत धरली. एक थेंब वाया घालवायला तयार नव्हते. तपास तिथेच संपला. उरला होता तो जबाब.

भांगेच्या पानांपासून केलेलं ते औषधी तेल होतं. पुण्याच्या वैद्यांनी रीतसर चिठ्ठी देऊन ते बायकोसाठी सुरू केलं होतं. बाईंना कॅन्सर. उपचार झाले, पण दुखणं हाडांत उतरलं होतं. जिभेखाली थेंब घेतले की त्यांना झोप लागे. मुलीचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा बाई औषध घरी ठेवून एकट्या अल ऐनला गेल्या. तिकडे चिठ्ठी असली तरी ते चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"आता त्यांनी मागवलं?"

"ती कसली मागते! रोज फोनवर ओरडायची. दूध उतू घालवलंत का, गॅसचा कॉक बंद केलात का. चार-पाच दिवस झाले, नुसतं 'बरंय' म्हणते." त्यांनी मुठीतल्या बाटलीकडे पाहिलं. "साहेब, ती माझ्याशी भांडायची थांबलीय."

मी सूर बदलला नाही. "हे विमानतळावर सापडलं तर तुमच्यासमोर बसलेल्या माणसाला अटक होईल. त्याच्या बायकोला काय सांगणार होतात?"

त्यांनी माझ्या मित्राकडे पाहिलं आणि हात जोडले. "माझ्या हे डोक्यातच आलं नाही हो."

"खलास, काका," मित्र म्हणाला. "बाटली घरी न्या. लाडू मी नेतो."

"तुम्ही स्वतः का नाही गेलात बायकोबरोबर?" मी विचारलं.

"बाळंतिणीच्या घरात पुरुषाचं काय काम?" ते म्हणाले. हे उत्तर त्यांनी नक्कीच आधीही पुष्कळांना दिलं असणार.

दुसऱ्या दिवशी सुनेने मला गाडीने अल ऐनला नेलं. बाई सोफ्याच्या कडेला, पाठ न टेकता ताठ बसल्या होत्या. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी आधी नवऱ्याला वेड्यात काढलं, मग डोळे पुसले.

"मुलीला कळू देऊ नका. तिचे दिवस भरत आलेत."

"बाई, साक्षीदार घरातच आहे. तिलाच विचारू."

मुलगी सरबत घेऊन आली. विचारावं लागलं नाही. "काका, आई पहाटे इथेच बसलेली असते. मला वाटलं, माझ्या काळजीने जागते. म्हणून मी झोपल्याचं नाटक करते."

दोघी एकाच घरात एकमेकींपासून लपत होत्या. मुलीने ट्रे ठेवला. "यल्ला, चल आई. चप्पल घाल. Pain clinic ची अपॉइंटमेंट मी आजची घेते."

तिथल्या डॉक्टरांनी, तिथल्या कायद्यात बसणारी औषधं दिली. तेलाइतका उतार पडत नाही, असं बाईंनी मला सरळ सांगितलं. कायदा कुणाच्या हाडांकडे बघून केलेला नसतो. मी आयुष्यभर तो राबवला, त्यामुळे त्याच्यावर रागावण्याचा हक्क मला नाही. पण बाईंना आता टेकून बसता येत होतं.

मित्राने तिकीट पुढे ढकलल्याचा निरोप त्याच दिवशी आला होता. काही दिवसांनी त्याचा फोन. "साहेब, अल ऐनचं पार्सल आणतोय. अंदाजे साठ किलो. खसखस नाही."

मी मुद्दाम त्यांच्याबरोबर अल ऐनला गेलो. लपवलेला माल हुडकण्याचं शिक्षण खात्याने मला दिलं होतं. लपवलेलं दुखणं कसं हुडकायचं, हे मला एका गृहस्थाने शिकवलं, तेही बायको ओरडत नाही एवढ्या पुराव्यावर.

दार बाईंनीच उघडलं. नवरा बॅग धरून उभा. त्यांनी त्याला आपादमस्तक पाहिलं.

"गॅसचा कॉक बंद केलात का?"

गृहस्थ वळून माझ्याकडे बघू लागले. चेहरा असा फुलला होता, जणू पदक मिळालंय.

"साहेब," ते म्हणाले, "ऐकलंत ना?"