काकवीतले छर्रे

कोरोनामुळं कॉलेज बंद होतं त्या हिवाळ्यात मी सांगलीच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि शिकत होते कराडजवळच्या आमच्या गावी, चुलत्यांच्या गुऱ्हाळाच्या पडवीत. मोबाइलला रेंज तिथंच यायची. समोर चुलाण पेटलेलं, कानात इयरफोन, आणि स्क्रीनवर भौतिकशास्त्राचे सर. ते काय बोलतायत ते निम्मं ऐकू यायचं. निम्म्या वेळी चरकच बोलायचा.

भौतिकशास्त्राच्या पोरापोरींचा एक ग्रुप होता. त्यात आमच्या वर्गातले होते, बाहेरचेही बरेच होते. अडलेलं गणित टाकायचं, ज्याला येतं तो सोडवून फोटो पाठवायचा. मी प्रकाशशास्त्राची गणितं सोडवून द्यायचे. कुठलं कोण, तोंडही न बघितलेलं माणूस 'ताई, देवासारख्या धावून आलात' असं लिहायचं आणि मी दिवसभर हवेत असायचे. घरात मला भाकरी नीट थापता येत नाही यावर एकमत होतं, तेव्हा देव व्हायची संधी मी सोडत नव्हते.

मग सरांनी घरून करायचा प्रयोग दिला. घट्ट द्रवात लोखंडी छर्रा सोडायचा, ठरावीक अंतर पडायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून द्रवाचा दाटपणा काढायचा. पुस्तकात त्यासाठी एरंडेल वापरतात. सर म्हणाले, घरात जे दाट असेल ते घ्या. आमच्याकडं काकवीला काय तोटा. गूळ होण्याआधीचा तो मधासारखा पाक, हवा तेवढा. सरबताची उंच बाटली काकवीनं भरली, अंतराच्या खुणेला माझी दोन केसांची रबरं बाहेरून चढवली, सायकलवाल्याकडून छर्रे आणले. काकवी लालसर, पण पाठीमागं मोबाइलची बॅटरी लावली की छर्रा खाली जाताना दिसायचा. भावाच्या मोबाइलवर वेळ लावली.

पहिला छर्रा चार सेकंदांत खाली. दुसरा सहा. पुढचा नऊ. असं करत, मधेमधे लेक्चरला बसत, आठवा पडायला एकोणीस सेकंद लागले. छर्रे सगळे सारखे, बाटली तीच. मला काही कळेना. मी वहीतल्या तक्त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि विचारलं, 'वेळ दर वेळी वाढतोय, का?'

उत्तर कुणीच दिलं नाही. अंगठे मात्र पटापट आले. मला वाटलं, लोक विचार करतायत.

आम्ही वह्यांचे फोटो पाठवले आणि आठवड्यानं सरांनी आम्हा बारा जणांना ऑनलाइन बोलावलं. आवाज एकदम मऊ. सर चिडले की तसा आवाज काढायचे. म्हणाले, "एकानं मध घेतलाय. एकानं इंजिन ऑइल. एकानं शाम्पू. एरंडेलवाले आठ आहेत. आणि छर्रा सगळ्यांकडं एकाच वेळात पडतो. चार, सहा, नऊ, थेट एकोणीसपर्यंत. निसर्गाचा नवा नियम सापडला म्हणायचा."

मी वही उघडून बघितली. आकडे माझेच होते.

"ह्यातला एक प्रयोग खरा असणार," सर म्हणाले. "असे विचित्र आकडे मनानं कुणी लिहीत नाही. वेळ का वाढत गेला ते उद्या बारा वाजता प्रत्येकानं सांगायचं. सांगता आलं नाही तर वहीवर सही नाही." सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं.

खरा प्रयोग माझा होता आणि कारण मलाही माहीत नव्हतं. रडू आलं आणि रागही आला. मदत मी मागितली होती, झाली ती अकरा जणांना. त्यांचे मेसेजही लगेच सुरू झाले. 'कारण सांग ना प्लीज.' एकानं स्वतःच लिहिलं, 'छर्रा झिजला असेल का?'

मी तशीच उठून चुलत्यांकडं गेले. गुऱ्हाळाचे गुळव्या तेच, म्हणजे पाक कधी उतरायचा ते ठरवणारे. त्यांना मी अण्णा म्हणते. ते रसाच्या उकळत्या काहिलीजवळ उभे राहून पाकाची तार बघत होते.

"अण्णा, छर्रा काकवीत सोडला तर दर वेळी हळू का पडंल?"

"बाटली कवा भरलीस?"

"काहील उतरल्यावर. दुपारी."

"मग गरम असणार की. गार व्हईल तशी काकवी घट्ट व्हती. एवढं बी ठावं न्हाई व्हय तुला? कालेजात जातीस न्हवं?"

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. काकवी गार झाली की घट्ट होते हे मला चालता यायच्या आधीपासून माहीत होतं. पण वहीत ती म्हणजे दाटपणाचं एक ग्रीक अक्षर होती आणि ताटात ती काकवी होती. ह्या दोघी एकच आहेत हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आता अकरा जणांना काय सांगायचं? कारण कळवलं असतं, पण शाम्पू कोण गरम करतं? शेवटी ग्रुपवर लिहिलं, 'काकवी गरम होती, ती गार होत गेली. तुमच्या मधाला नि ऑइलला हे लागू पडणार नाही. सरांना खरं सांगा.' ह्या मेसेजला एकही अंगठा आला नाही.

दुसऱ्या दिवशी शाम्पूवाल्यानं सांगितलं, "सर, मी थंडीत शाम्पू गरम करून घेतो." सरांनी त्याला खाली बसायला सांगितलं. तो घरी बसूनच बोलत होता.

माझी पाळी आली. मी काकवीचं सगळं सांगितलं.

"मग तापमान किती होतं?"

"बघितलं नाही, सर." आता गेलं वर्ष, असं वाटलं.

सरांनी वह्यांचे फोटो परत चाळले. मग म्हणाले, "बाकी अकरा वह्यांत तापमान सत्तावीस अंश लिहिलंय. मोकळी जागा फक्त तुझ्या वहीत आहे. खोटं लिहिणारा जागा मोकळी सोडत नाही. सही करतो."

कॉलेज उघडल्यावर त्या अकरा जणांनी प्रयोग परत केला. सरांनी द्रव म्हणून काकवीच ठरवली. पाच लिटरचा कॅन एसटीत मांडीवर घेऊन मीच नेला. पोरांनी थर्मामीटर लावून प्रत्येक छर्ऱ्याला तापमान लिहिलं आणि दहापैकी नऊ मिळवले, शाम्पूवाल्यानंसुद्धा. मला आठ. शेजारी लाल शाईत शेरा: तापमान नोंदवलेले नाही.

सुट्टीत घरी आल्यावर मी वही अण्णांपुढं आपटली. प्रयोग माझा, काकवी आपली, आणि चोरांना माझ्यापेक्षा जास्त. अण्णांनी हात पुसले, वही लांब धरून तो शेरा सावकाश वाचला.

"बराबर कापल्यात," ते म्हणाले. "मी पाकाचा ताव, किती तापलाय ते, बघायचा ऱ्हायलो तर आख्खी काहील जाती. तुझं दोनच गेलं."

सरांशी भांडायची मी तयारी केली होती. ती तिथंच संपली.