पापणी वर धरणारा माणूस

नाशिकच्या एका सेंटरमध्ये मी सीटी स्कॅन काढतो. माणसांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. याचंही राहिलं नाही, पण डावी पापणी बोटाने उचलून तो समोरच्याकडे बघायचा, ते विसरता येत नाही.

तो अंबडच्या कारखान्यात तयार पार्ट तपासायला होता. दुपारनंतर त्याच्या पापण्या मिटायला लागायच्या. सुपरवायझरला वाटलं, पिऊन येतो. डॉक्टरांनी मात्र छातीचा स्कॅन सांगितला, कारण असं दुखणं कधी कधी छातीतल्या गाठीमुळे होतं.

त्याच्या आधी एक काकू होत्या. त्यांचा स्कॅन स्वच्छ होता. आम्ही निदान सांगायचं नसतं, तरी मी म्हणालो, "काही नाही काकू, निवांत घरी जा." तो बाकावर बसून ऐकत होता.

मग त्याचा स्कॅन झाला. छातीच्या हाडामागे, हृदयाला खेटून, थायमस नावाच्या ग्रंथीच्या जागी लिंबाएवढी गाठ होती. मोठेपणी ती ग्रंथी सुकून गेलेली असते.

शर्टाची बटणं लावत त्याने विचारलं, "काय दिसलं, साहेब?"

"रिपोर्ट आल्यावर डॉक्टर सांगतील."

त्याने पापणी उचलून माझ्याकडे नीट पाहिलं. "आमच्याकडं पण असंच हाय. पार्ट चांगला असला की लगेच ओके म्हणतो. खराब असला की कोणी बोलत नाय, नुसती लाल खूण करतो."

तेव्हापासून स्कॅन स्वच्छ असला तरी मी 'डॉक्टर सांगतील' एवढंच म्हणतो. माणसं घाबरून घरी जातात, आणि मी जाऊ देतो.