ह्यांची कुस्तीची कॅसेट

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, एक रविवार सोडून एका रविवारी, काही मोठी माणसं जमतात आणि माझ्या लग्नाच्या सुमाराच्या कॉम्प्युटरांशी खेळतात. मुलीने पुण्याहून फोनवर हे सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, "त्यांना घरात कामं नाहीत का?" आता त्याच घोळक्यात मी असते आणि माझ्या शेजारणी माझ्याबद्दल तेच विचारतात. विचारू देत. या माणसांनी माझ्यासाठी जे केलं ते सख्ख्यांनीही केलं नसतं.

ती मशीनं अशी, की सगळा कॉम्प्युटर बटणांच्या पाटीतच असतो आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा. आठ बिटांचे कॉम्प्युटर म्हणतात त्यांना. आठ बिट म्हणजे काय ते मला तिघांनी तीन तऱ्हेने समजावलं. कळलं एवढंच, की आजच्या साध्या फोनपुढे त्या मशीनची अक्कल अगदीच थोडी, आणि थोडी आहे म्हणूनच एका माणसाला ते मशीन पुरतं समजून घेता येतं. या लोकांना त्याचंच वेड आहे.

तसलं एक मशीन आमच्या माळ्यावर होतं. आमचे हे उद्यमनगरात एका फौंड्रीत पॅटर्न बनवायचे, म्हणजे लोखंड ओतायच्या साच्यासाठी आधी लाकडाचा नमुना कोरायचा, ते काम. परदेशातून आलेल्या कुणाकडून त्यांनी ते मशीन घेतलं आणि कामावरून आल्यावर पुस्तक पुढ्यात धरून त्याच्याशी झटापट करत बसायचे. मी वैतागायची. पण मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी एक खेळ लिहिला. कुस्तीचा. ठोकळ्यांचे दोन पैलवान, एक तांबडा, एक निळा. एकजण उताणा पडला की मशीन पीं पीं करून हलगी वाजवायचं. मुलगी अशी ओरडायची की खालचे लोक वर येऊन बघायचे.

ती चौथीत असताना हे गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मशीन, रेकॉर्डर आणि ती कॅसेट मी खोक्यात घालून वर टाकली. मग गेल्या वर्षी घराला रंग काढायचा म्हणून माळा उपसला, तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाबांची कुस्ती अजून चालेल का गं?" जन्मभर त्यांनी कोरलेलं सगळं फौंड्रीत गेलं. आमच्यासाठी म्हणून केलेली वस्तू ही एकच. चालेल की नाही ते मला बघायचंच होतं. तिनेच मग शोध घेऊन या मंडळींचा पत्ता काढला.

खोकं घेऊन जिना चढले तेव्हा वाटलं होतं, म्हातारी बघून ही माणसं गालात हसतील. हसली नाहीत. खोकं उघडलं तसे सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि "आयला, खरा रबर हाय बटणांना!" असा एकच गिल्ला झाला. नवं बाळ बघायला आल्यासारखं एकेकाने ते मशीन हातात घेऊन बघितलं. बंगला ज्यांचा ते तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले सर. त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले आहेत, आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे कानात सांगायची गोष्टही ते ओरडून सांगतात. त्यांनी ओरडून विचारलं, "पावणं, चहा घेणार न्हवं?" आणि एक चाचा आहेत, पूर्वी त्यांचं रेडिओ-टेपच्या दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते थेट रेकॉर्डर उचलून खिडकीशी गेले.

रेकॉर्डर का, ते सांगते. त्या काळी हे प्रोग्राम गाण्याच्या साध्या कॅसेटवर साठवायचे. कॅसेट लावली की किर्रर्र असा कान किटवणारा आवाज येतो, तोच प्रोग्राम. रेकॉर्डरच्या भोकात वायर खोचून तो आवाज कॉम्प्युटरला ऐकवायचा. वायर खोचली की रेकॉर्डरचा स्वतःचा स्पीकर गप्प होतो आणि टीव्हीवर रंगीत पट्टे धावायला लागतात. मध्ये एक कण जरी चुकला तरी सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पट्टे धावत असताना या खोलीत कुणी बोलत नाही. कोल्हापुरात इतकी माणसं एवढा वेळ गप्प बसलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

चाचांची एक रीत आहे. कुणाचाही रेकॉर्डर आला की आधी त्याचं हेड साफ करायचं आणि मग ते सरळ करायचं. हेड म्हणजे टेप ज्याला घासत जाते तो लहानसा लोखंडी तुकडा. त्याच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. स्क्रू फिरवला की हेड कलतं. हेड टेपला अगदी काटकोनात हवं, केसभर जरी कललं तरी आवाज बोथट होतो. आमच्या रेकॉर्डरचं हेड चाचांनी मन लावून सरळ केलं. वर म्हणाले, "भाभी, आता नव्यासारखा वाजणार."

नव्यासारखा वाजला. गाण्यांची कॅसेट लावली तर काय सुरेख वाजली! फक्त ह्यांची कॅसेट काही केल्या लोड होईना. पट्टे धावायचे आणि अर्ध्यात थांबायचे. दुसरं मशीन लावून बघितलं, दुसरी वायर, दुसरा टीव्ही. पुढच्या खेपेच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी रेकॉर्डरने टेपच ओढून घेतली आणि आत गुंडाळली. चाचांनी ती हळूहळू सोडवली, नखाने सुरकुत्या काढल्या, दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवली. म्हणाले, "आता ही टेप लई पळवायची न्हाय. एक दिवस तुटंल." सगळ्यांचे चेहरे पडले होते. मी घरी गेले ती मुलीला फोन न करताच झोपले.

पुढच्या खेपेला खरं तर मी खोकं परत न्यायला गेले होते. चहा होईपर्यंत बसले आणि जरा रागानेच म्हणाले, "तुम्ही सगळे शहाणे जमलाय, आणि आमच्या घरात हे रेकॉर्डरचं मोडकं डबडं बिनबोभाट चालत होतं. मुलीने टेबलावरून पाडलं होतं एकदा. तेव्हापासून गाणी म्हणजे नुसती घोंगडीत बसून म्हटल्यासारखी. पण ह्यांची कुस्ती रोज चालायची."

चाचांच्या हातातली बशी तशीच राहिली.

"पाडलं, आणि त्याच्यानंतर कुस्ती भरली का आधी?" त्यांनी विचारलं.

"नंतर. पाडलं तेव्हा ती शाळेतही जात नव्हती."

"या अल्ला," चाचा म्हणाले. "भाभी, चूक माझी हाय."

मग सरांनी उलगडून सांगितलं. पडल्यामुळे आमच्या रेकॉर्डरचं हेड वाकडं झालं होतं. ह्यांनी कुस्ती भरली ती त्या वाकड्या हेडनेच, म्हणजे कॅसेटवरही ती तितकीच वाकडी उमटली. वाकड्याला वाकडं बरोबर जुळायचं, नवराबायकोचं जुळतं तसं. चाचांनी एकाला सरळ केलं आणि सगळा मेळ तुटला. चांगलं करायला गेले आणि तेच अंगाशी आलं. ही चूक त्यांच्यासारख्या नेटक्या माणसाच्याच हातून व्हायची. चाचा इतके खजील झाले होते की मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

आता हेड पुन्हा वाकडं करायचं होतं. पण किती? ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. कानानेच शोधायचं, असं ठरलं. प्रोग्रामची ती किर्रर्र किंचाळी जिथे जास्तीत जास्त तिखट होईल तिथे थांबायचं. टेप तुटली तर निदान हाती काही राहावं म्हणून मागवाल्यांनी आपला फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला. चाचांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला, वायर काढली, कॅसेट पार सुरुवातीला नेली आणि बटण दाबलं. इतक्या रविवारांत तो स्पीकर त्या कॅसेटवर पहिल्यांदाच बोलणार होता.

किंचाळीच्या आधी कुणीतरी पुटपुटल्यासारखं काहीतरी आलं. पुरुषाचा आवाज. शब्द लागले नाहीत.

"नाव सांगितलंय," सर म्हणाले. "आम्ही सगळेच असं करायचो, वहिनी. प्रोग्राम भरायच्या आधी माइकमध्ये त्याचं नाव बोलून ठेवायचं. मग कॅसेटवर शोधायला सोपं जातं."

चाचांनी स्क्रू जरासा फिरवला, टेप मागे घेतली, पुन्हा लावली. गढूळपणा थोडा निवळला. "कुस्ती," तो आवाज म्हणाला, "नवी. आता निळ्याला पण डाव येतोय."

त्यांचा आवाज मी विसरले होते. चेहरा फोटोत आहे, पण आवाज कसा होता ते कितीतरी वर्षं मला आठवतच नव्हतं, आणि ही गोष्ट मी मुलीलासुद्धा सांगितली नव्हती. नवऱ्याचा आवाज विसरले, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी तिथेच, त्या सगळ्या बाप्यांच्या देखत, पदर तोंडाला लावून रडले.

चाचांनी हात काढून घेतला. "बंद करू, भाभी?"

"बंद कशाला करताय?" मी म्हणाले. "फिरवा की स्क्रू."

त्यांनी फिरवला. आता मागून आणखी कुणाचा तरी आवाज येत होता, लांबून, स्वयंपाकघरातून आल्यासारखा. आणखी थोडा फिरवला तसा तो स्वच्छ झाला. बाईचा आवाज, तरणा, चांगलाच तापलेला. "भाकरी गार व्हाय लागलीया. येताय का न्हाय?" ती मी होते. आणि हे, माइकजवळ तोंड ठेवूनच, "आलो की. एवढं झालं की आलो."

त्यापाठोपाठ किंचाळी सुरू झाली, सुईसारखी तिखट. चाचा थांबले. "हितंच," ते म्हणाले.

वायर खोचली. पट्टे धावले. मागवाले चक्क गप्प होते. पट्टे थांबले आणि टीव्हीवर तांबडा नि निळा उभे राहिले, तेव्हा असा आरडाओरडा झाला की जणू खासबागेच्या कुस्ती मैदानातच बसलो होतो. मला ओढून बटणांपुढे बसवलं. निळ्याने मला पहिल्याच डावात उताणं पाडलं आणि मशीनने हलगी वाजवली.

तो स्क्रू चाचांनी आजही सरळ केलेला नाही. त्या रेकॉर्डरला दुसरं कुणी हात लावू नये म्हणून ते स्वतः लक्ष ठेवून असतात. आवाज मागवाल्यांच्या फोनमध्ये उतरला आहे, तो त्यांनी मला पाठवून दिला. एका अनोळखी बाईसाठी इतके रविवार खर्च केले या माणसांनी. त्यांचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. मी आपली दर खेपेला डबा भरून काहीतरी घेऊन जाते.

त्या दिवशी मुलीला मी तिथूनच फोन लावला, पडद्यावरची कुस्ती दाखवली. ती हसली, ओरडली. मग मी तिला आवाजाचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला ऐकव."

मी काही म्हणायच्या आत चाचांनी वायर काढली आणि कॅसेट मागे घेतली. सरांनी उठून पंखा बंद केला. मागवाल्यांनी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. चैत्राचा उकाडा होता, सगळे घाम पुसत बसून राहिले. मी फोन स्पीकरजवळ धरला. हे बोलले, मी ओरडले, हे "आलो की" म्हणाले.

पलीकडून मग मुलगी म्हणाली, "बाबा असे बोलायचे?"

"हो," मी म्हणाले. "आणि जेवायला कधी वेळेवर यायचे नाहीत."